चाळीस रव्यांचा हिशेब

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील त्या गूळ-तेलाच्या पेढीचा पिकअप 2009 सालचा. आठवड्यातून एकदा तो मलकापूरवरून आंबा घाट उतरून साखरप्यामार्गे रत्नागिरीकडे जाई. हौद्यात 30 किलोंचे 40 रवे आणि 15 किलोंचे 20 तेलाचे डबे, म्हणजे बरोबर दीड टन माल. हा आकडा मुळात कोणी ठरविला, हे पेढीवर कोणालाच सांगता आले नसते. गाडी नवी असताना एकदा तेवढा माल मावला, गाडी सुखरूप परत आली, आणि तेच माप रूढ झाले.

श्रावणाअखेरीस घाट उतरताना मागच्या चाकांतून जळका वास आला आणि ब्रेकचे पायडल एकाएकी मऊ लागले. बावीस वर्षे पेढीवर असलेल्या चालकमामांनी दुसऱ्या गिअरवर गाडी कशीबशी कडेला घेतली, चाके निवेपर्यंत तासभर थांबले आणि परतल्यावर एवढेच म्हणाले, "अण्णा, पाटे दबलेत. एकेक पाटा वाढवून घेऊ."

पाटा वाढविणे हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. पाटा वाढविला की भरलेली गाडी मागून बसत नाही, सरळ उभी राहते, आणि मालकाला वाटते की गाडीची ताकद वाढली. वास्तविक आस तोच राहतो, टायर तेच राहतात, ब्रेकही तेच. वाढतो तो केवळ भार लपविण्याचा गुण. गॅरेजवाल्यानेही हे मोकळेपणाने सांगितले. पाटा मात्र बसवून देण्याची तयारी दाखविली.

दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचला जातो. सातव्या दिवशी सातवा अध्याय आला. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार अण्णांनी लहानपणापासून ऐकलेले होते. बंध, वध, छेद यांपुढचा अतिभारारोपण हा शब्द ऐकला की त्यांना आजोबांच्या बैलगाड्या आठवत. चढणीला बैलाच्या तोंडाला फेस आला की आजोबा दोन पोती उतरवून घेत. त्या दिवशी बैल आठवले नाहीत. पायडलवर पाय दाबून बसलेले मामा आठवले. लोखंडाला वेदना नाही, हे खरे. पण ते लोखंड घाटातून उतरविणारा मनुष्य आहे.

पर्व संपताच धाकट्या मुलाने आरसी काढली. भारासह वजन 2,750 किलो, रिकामे वजन 1,620 किलो. वजाबाकी 1,130. "अण्णा, पावणेचारशे किलो कमी केले की झाले," तो म्हणाला. अण्णांना तेवढे पटले नाही. तराजूत टाकल्याशिवाय माल मानायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी गाडी वजनकाट्यावर पाठविली. टाकी भरलेली, मामा आणि हमाल बसलेले, हौद्यावरची लोखंडी जाळी, स्टेपनी, ताडपत्री, दोरखंड, सारे नेहमीसारखे. काटा 1,890 दाखवू लागला. कागदावरचे रिकामे वजन कोऱ्या गाडीचे होते. पंधरा वर्षांत तिच्या अंगावर जे चढले, त्याची नोंद आरसीत कोण करणार? मालासाठी उरले 860 किलो. म्हणजे दर आठवड्याला गाडी 640 किलो जादा घेऊन घाट उतरत होती.

मग नेहमीचा माल भरून केवळ मागची चाके काट्यावर चढविली. 2,240 किलो. एका टायरच्या वाट्याला 1,120. टायरच्या कडेवर मापापुढे 104 हा भारांक कोरलेला होता आणि त्याचा अर्थ 900 किलो. तोही हवा पुरती भरलेली असेल तरच. निर्मितीच्या खुणेचे शेवटचे चार अंक होते 2217, म्हणजे 2017 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी अजून खोल दिसत असल्यामुळे ते टायर कोणी बदलले नव्हते.

मुलाने एक मधला मार्ग सुचविला. मागे लहान ट्रॉली जोडावी, अर्धा माल तीत टाकावा, म्हणजे पाट्यांवर आणि टायरांवर भार येणार नाही. हे बोलणे मामांनी उभ्या उभ्या खोडले. चढावर ती ओढता येईल, पण उतारावर ट्रॉली थांबविणार कोण? तिला स्वतःचे ब्रेक नसतील, तर तिचेही वजन याच जुन्या ड्रमांवर येणार. घाट उतरताना ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता वजनाच्या प्रमाणात वाढते. ड्रम तापला की लायनरची पकड सुटते, आणि ब्रेकच्या जुन्या तेलात शिरलेला ओलावा उकळला की पायडल मऊ पडते. मामांनी हे शब्द वापरले नाहीत. "चढताना गाडी कुरकुरते, अण्णा, उतरताना बोलतसुद्धा नाही," असे ते म्हणाले.

दंडाचा विषय निघालाच. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, शिवाय माल जागीच उतरविण्याचा खर्च. इतकी वर्षे कोणी अडविले नव्हते, आणि नेमके तेच अण्णांना अधिक लागले.

लायनर, ब्रेकचे तेल, चारही टायर बदलले. पाटा वाढविला नाही. नव्या टायरांवर 860 किलो चालले असते, परंतु गाडी जुनी आणि रस्ता घाटाचा, म्हणून अण्णांनी 750 ठरविले: 20 रवे आणि 10 डबे. एका फेरीच्या दोन झाल्या. डिझेल दुप्पट, मामांचा आणखी एक दिवस. गुळाच्या धंद्यात एवढी फट सहज भरून निघत नाही. मुलाने तो आकडा वहीत लिहून अण्णांपुढे ठेवला आणि अण्णांनी तो वाचून वही मिटली.

दिवाळीच्या आठवड्यात रत्नागिरीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने 40 रवे एकदमच मागितले. 20 आज, 20 गुरुवारी, असे अण्णांनी फोनवर सांगितले. त्याने सारा माल दुसरीकडून उचलला. त्या सकाळी बाकीच्या गिऱ्हाइकांचे 20 रवे हौद्यात लावून झाले, तेव्हा माल फळीच्याही वर आला नाही. हमाल सवयीने दोरखंड घेऊन उभा होता. मामांनी ताडपत्री ओढली, दोरखंड त्याच्या हातून घेऊन सीटमागे टाकला आणि गाडी काट्याकडे वळविली.