सगळ्यांनी मिळून कोणती बीअर करावी?

चि. भाच्यास,


मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुमचा बोल्डरचा गट एकत्र जमून बीअर करणार आणि कोणती करायची हे तू ठरवणार, हे वाचून फार आनंद झाला. अमेरिकेतल्या होमब्रूअर मंडळींचा तो सणच. ‘बिग ब्रू’ या नावाने देशभरातले गट त्या दिवशी बर्नर पेटवतात.

या सणाची मुळं तुझ्याच गावात आहेत. दारूबंदी १९३३ मध्ये उठली. घरी वाइन करायला मुभा मिळाली, बीअर मात्र राहून गेली. ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढाला घरच्यासाठी वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बीअर करता येऊ लागली. विकायची मात्र नाही. त्याच १९७८ मध्ये चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी बोल्डरमध्ये अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन काढली.

एवढा उत्साह असला की गट हमखास अवघड बीअर निवडतो. कुणी लागर सुचवतं, कुणी जळजळीत कडू आयपीए. पण मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं), उकळी, थंड करणं हे काम पाच-सहा तासांत उरकतं. खरी बीअर घडते ती पुढचे दोन आठवडे, प्रत्येकाच्या घरी. लागरचं यीस्ट ९ ते १३ अंशांत काम करतं आणि नंतर बीअर कित्येक आठवडे थंडीत ठेवावी लागते. तसा फ्रिज सगळ्यांकडे कुठून असणार? निवड करायची ती घरं पाहून.

म्हणून पेल एल. १८ ते २० अंशांत, घरातल्या थंडशा कोपऱ्यात ती नीट आंबते. साहित्यही मोजकंच: १९ लिटरला साधारण साडेचार किलो पेल माल्ट, थोडा क्रिस्टल माल्ट, कॅस्केड हॉप्स. कॅस्केड हे अमेरिकेतच वाढवलेलं, १९७२ मध्ये बाजारात आलेलं वाण. त्याला ग्रेपफ्रूटसारखा वास. केन ग्रॉसमन यांचं कॅलिफोर्नियातल्या चिको गावात होमब्रूच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी १९८० मध्ये सिएरा नेवाडाची पेल एल आणली आणि कॅस्केडला घरोघरी नाव मिळवून दिलं.

पेल एल गटाच्या आणखी एका सोयीची. माल्ट ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजलं की गोड वर्ट निघतं. ते उकळू लागताना फेस दुधासारखा उतू जातो, तेव्हा एकाने डाव घेऊन समोरच उभं राहायचं. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी घातलेले वास. बोल्डरच्या उंचीवर पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, कडवटपणा कमी उतरतो. तेव्हा पहिले हॉप्स थोडे जास्त घ्यावेत. मग तेच वर्ट वाटून घ्यायचं. एका भांड्यात अमेरिकन एल यीस्ट, दुसऱ्यात बव्हेरियन गव्हाच्या बीअरचं, तिसऱ्यात सेझाँचं. दुसरीला केळ्या-लवंगेचा वास येतो, तिसरी कोरडी आणि मिरमिरीत होते. मेहनत एकच, बीअर तीन. आणि यीस्ट काय करतं ते नवख्यालाही पहिल्या घोटात कळतं.

गव्हाच्या बीअरसाठी कुणी फारच हट्ट धरला तर भाताचं तूस आणून ठेव. गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे मॅश चिकट होऊन गाळणी तुंबते. तूस मिसळलं की वर्ट मोकळं वाहतं.

वर्ट थंड झाल्यावर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, एवढं सगळ्यांना बजावून सांग. आणि यीस्ट मागवण्याआधी प्रत्येकाला घरातलं तापमान विचार. जिथे २५ अंशांच्या वर जातं, त्या घरी सेझाँ दे. पेल एल गार घरांसाठी ठेव.

तुझा,
मामा