बंद खाणीचे गाव

दसऱ्याला आपण आपट्याची पाने एकमेकांच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "सोने घ्या, सोन्यासारखे राहा." गुणी मुलगी म्हणजे सोने, हाती आलेल्या संधीचेही सोने, आणि आयुष्य नीट गेले तर त्याचेही सोनेच झाले म्हणायचे! आपल्या बोलण्यात सोने इतके मुरलेले आहे. पण ते जमिनीच्या पोटातून वर आणणाऱ्या माणसांचे काय होते, हा विषय शहापूरच्या सराफ गल्लीत काही निघत नाही. शाळेत भूगोलाच्या पेपरात 'भारतात सोने कोठे सापडते?' या प्रश्नाला 'कोलार' असे एका शब्दात उत्तर लिहून आपण एक गुण मिळवला, की आपला आणि त्या गावाचा संबंध संपला.

माझा तो संबंध पुन्हा जुळला तो भावोजींच्या बदलीमुळे. भावोजी रेल्वेत आहेत. त्यांची बदली बंगारपेटला झाली आणि ताईने २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मला आग्रहाने बोलावून घेतले. बंगारपेट हे बेंगळूर-चेन्नई मार्गावरचे जंक्शन. तेथून एक लहानसा फाटा फुटतो आणि कोरोमंडल, उरगाव, चॅम्पियन अशी इंग्रजी-तमिळ नावांची स्टेशने घेत मारीकुप्पमला जाऊन संपतो. हा फाटा घातला गेला तो खाणींसाठीच. आता त्यावरून सोनेही जात नाही आणि खाणीचे सामानही येत नाही. जातात ती फक्त माणसे. पहाटे अंधारात हजारो माणसे शंभरएक किलोमीटरवरच्या बेंगळूरला कामाला जातात आणि रात्री परत येतात.

त्या गावाचे नाव कोलार गोल्ड फील्ड्स. लोक नुसते 'के.जी.एफ.' म्हणतात. २०१८ साली आलेल्या कन्नड चित्रपटामुळे ही तीन अक्षरे आता पोराटोरांच्या तोंडी आहेत. पण पडद्यावरची खाण आणि ही खाण यांचे नाते नावापुरतेच. खरी गोष्ट जास्त साधी आहे आणि जास्त कठीणही. १८८० साली जॉन टेलर आणि सन्स या इंग्रज कंपनीने येथे काम हाती घेतले. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्राहून वीज आली. तोवर देशातल्या बहुतेक गावांनी दिवा म्हणून फक्त रॉकेलचा दिवा पाहिला होता. चॅम्पियन रीफची खाण खोल जाता जाता तीन किलोमीटरच्याही खाली गेली आणि जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होऊ लागली. तमिळ मुलखातून दलित कुटुंबेच्या कुटुंबे येथे उतरली आणि एकाएका खोलीच्या 'लाइनीं'त राहू लागली. साहेबांचे बंगले, क्लब आणि गोल्फचे मैदान मात्र वेगळीकडे. १९५६ साली म्हैसूर राज्य सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ साली त्या केंद्राकडे गेल्या, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. सव्वाशे वर्षांत आठशे टनांच्या वर सोने निघाले म्हणतात. ते कोठे गेले ते सर्वांना ठाऊक आहे. गावात राहिले नाही एवढे खरे.

बंद होण्याचे कारण हिशेबाचे होते. सुरुवातीला टनभर दगडात चाळीस ग्रॅमच्या वर सोने मिळे. शेवटी शेवटी ते तीन ग्रॅमच्या आसपास आले. म्हणजे दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी तीन टनांहून अधिक दगड इतक्या खोलीतून फोडून वर आणायचा! खाली खडकाचे तापमान साठ अंशांच्या वर. माणूस टिकावा म्हणून थंड हवा सोडायची, पाणी उपसायचे, पिंजरा चालवायचा. आणि २००१ साली जागतिक बाजारात सोन्याचा भाव औंसाला तीनशे डॉलरच्याही खाली होता. २०२५ च्या ऑक्टोबरात, मी तेथे होतो त्याच महिन्यात, तो चार हजारांच्या वर गेला. तेव्हा गावात जिकडेतिकडे एकच विषय ऐकू यावा यात नवल नाही: खाण पुन्हा उघडणार काय?

भावोजींच्या एका सहकाऱ्याचे घर चॅम्पियन रीफच्या लाइनीत आहे. त्यांच्यासोबत मी दोन दिवस तेथे हिंडलो. घरी सारे तमिळ बोलतात. पण माझ्याशी कन्नडात बोलत, आणि बेळगावचे असल्यामुळे माझेही कन्नड कामापुरते आहे. शाफ्टवरचे उंच लोखंडी सांगाडे आणि त्यांवरची चाके अजून उभी आहेत. ती फिरत नाहीत, एवढाच फरक.

सहकाऱ्यांचे वडील सत्तरी ओलांडलेले. ते तीस वर्षे खाली काम करीत होते. मी विचारले, "अय्या, खाण उघडावी असे वाटते काय?" क्षणाचाही विलंब न लावता ते म्हणाले, "उघडलीच पाहिजे." मग पिंजऱ्यात उभे राहिले की कानात काय होते, रॉकबर्स्ट झाला की वर घरातली भांडी कशी वाजत आणि बायका शाफ्टकडे कशा धावत, हे सारे त्यांनी सांगितले. १९८० च्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसे येऊन खाली कसला तरी प्रयोग मांडीत होती, त्यांचे लोखंड उतरवायला आपणही हात लावला होता, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. (तो प्रोटॉनचा क्षय होतो की काय हे पाहण्याचा प्रयोग. त्याआधी १९६५ साली याच खाणीत, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल शास्त्रज्ञांना लागली होती.) सांगताना म्हातारबुवा मध्येच खोकत, थांबत, पुन्हा सुरू होत. शेवटी मी विचारले, "मग नातवाला खाली पाठवाल?" ते हसले. "नाही तंबी. त्याने खाली जायचे नाही. तो शिकतो आहे."

मला त्यात विसंगती दिसली आणि मी ती बोलूनही दाखवली. तेव्हा ते म्हणाले, "खाण उघडावी म्हणजे सोने निघावे असे मी कुठे म्हटले? खाण चालू होती तेव्हा आम्हाला भोंगा होता, दवाखाना होता, शाळा होती. आम्ही कोण आहोत हे विचारावे लागत नव्हते."

त्यांच्या सूनबाईंचे मत अगदी निराळे. त्यांच्या घरामागे सायनाइडची टेकडी आहे. दगड दळून, सायनाइडने त्यातले सोने काढून घेतल्यावर उरलेली पांढरट माती वर्षानुवर्षे टाकून ह्या टेकड्या झाल्या आहेत. असे ढीग तेरा आहेत आणि त्यांत तीन कोटी टनांहून अधिक माती आहे. मी गेलो तेव्हा पाऊस होता. टेकडीला ओघळ पडले होते आणि गढूळ पाणी रस्त्यावर उतरत होते. "उन्हाळ्यात या," सूनबाई म्हणाल्या, "ताटावर झाकण ठेवून जेवावे लागते. खाण उघडा नाहीतर उघडू नका. आधी ही माती हलवा, नाहीतर तिच्यावर झाडे लावा."

गंमत अशी की, जे काही उघडण्याची शक्यता सर्वांत जवळची आहे, ते म्हणजे ही मातीच. जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने या ढिगांतून सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. जमीन हजार एकरांच्या आसपास. त्या मातीत टनामागे ग्रॅमभरही सोने नाही. पण ती दळलेली आहे, वर आहे, आणि भाव वाढल्यामुळे परवडण्यासारखी झाली आहे. खालची खाण मात्र वेगळी गोष्ट. पंप थांबले तेव्हापासून ती पाण्याने भरली आहे. पाणी उपसायचे, सडलेले आधार बदलायचे आणि मग दगडात किती सोने उरले ते पाहायचे.

हे सारे मला समजावून सांगितले ते एका निवृत्त शिक्षकांनी. त्यांचा मुद्दा नेमका होता. "सर्व लोक एकच शब्द बोलतात, पण प्रत्येकाच्या मनातली खाण वेगळी आहे. म्हाताऱ्यांना तीस हजार कामगारांची खाण हवी आहे. ती आता जगात कोठेच नाही. ढीग धुवायला यंत्रे लागतील, गाड्या लागतील, थोडी माणसे लागतील. सोने निघेल, गाव उभे राहील असे नाही." मी त्यांना हट्टीचे उदाहरण दिले. आपल्याच राज्यात, रायचूर जिल्ह्यात, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंद पडलेली ती खाण निझामाच्या राजवटीच्या अखेरीस स्थापन झालेल्या कंपनीने पुन्हा सुरू केली आणि ती चालू आहे. सर म्हणाले, "खरे आहे. पण हट्टी इतकी खोल गेली नव्हती, आणि तिच्या डोक्यावर एवढे मोठे गाव वाट पाहत बसले नव्हते."

किराणा दुकानदार खाणीच्या बाजूने होते. पगाराच्या दिवशी दुकानात उभे राहायला जागा नसे, ते दिवस त्यांना परत हवे होते. लाइनीतल्या कित्येकांचे म्हणणे असे की, आधी जुन्या देण्याघेण्याचा आणि राहत्या घरांच्या मालकीचा निकाल लावा; नाहीतर खाण उघडण्याच्या नावाखाली घरावरूनच उठावे लागेल. आणि माझ्यासोबत हिंडणाऱ्या सहकाऱ्यांच्या धाकट्या भावाला मी फक्त रविवारीच भेटू शकलो. तो बेंगळूरला एका कारखान्यात आहे. सकाळी निघतो तेव्हा मुलगा झोपलेला, परत येतो तेव्हाही झोपलेला. "खाणच पाहिजे असे नाही," तो म्हणाला. "गावात काहीही काढा. मुलगा जागा असताना घरी पोचता यावे."

रात्री बंगारपेटला परतल्यावर भावोजींशी माझा वाद झाला. भावोजी व्यवहारी. त्यांचे म्हणणे, "देश दरवर्षी शेकडो टन सोने बाहेरून आणतो. आपल्याच जमिनीत असताना ते तसेच ठेवायचे? भावना बाजूला ठेवा." ताई म्हणाली, "ज्यांनी काढायचे त्यांना विचारा की!" त्यावर भावोजी म्हणाले, "विचारले तर ते 'उघडा' असेच म्हणतील."

म्हणतील, हे खरे. बहुतेक जण तसेच म्हणाले. पण त्या एका शब्दाच्या आत किती निरनिराळ्या गोष्टी होत्या! म्हातारबुवांच्या 'उघडा'त मान होता, दुकानदारांच्या 'उघडा'त गिऱ्हाईक होते, धाकट्या भावाच्या 'उघडा'त मुलाचा जागा चेहरा होता. आणि सूनबाईंना तर उघडण्यापेक्षा उचलणे हवे होते. सोने कोणीच मागितले नव्हते. जनसुनावणी झाली आणि तेथे हात वर करायला सांगितले, तर ही सारी माणसे एकाच बाजूला मोजली जातील आणि कागदावर लिहिले जाईल : 'स्थानिकांचा पाठिंबा'. मग ढीग धुतले जातील, सोने जाईल, आणि पुन्हा कधीतरी कोणी विचारील, "तुम्हीच तर हो म्हणाला होता ना?"

मला वाटते, चूक उत्तरात नसून प्रश्नात आहे. 'खाण उघडावी काय?' हा प्रश्न सोन्याच्या बाजूने विचारलेला आहे. गावाच्या बाजूने विचारायचा तर तो असा विचारावा लागेल : येथल्या किती माणसांना काम मिळेल आणि किती वर्षे? धुतलेली माती पुन्हा कोठे टाकणार? घरे कोणाच्या नावावर होणार? आणि सोने दुसऱ्यांदा संपले, की त्यानंतर काय? या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर खाण उघडली काय किंवा न उघडली काय, गाव उघडेल. ती मिळाली नाहीत, तर पुन्हा एकदा सोने तेवढे वर येईल आणि माणसे खालीच राहतील.

आम्हा कलाशाखेच्या मुलांना लोक विचारतात, तुम्ही शिकून काय करणार? खाणीचे गणित आम्हाला येत नाही, खडकही ओळखता येत नाही. पण एकाच शब्दाचे किती अर्थ होतात, हे शिकण्यातच आमची तीन वर्षे जातात. के.जी.एफ.मध्ये मला प्रथमच असे वाटले की, हे शिक्षण अगदीच बिनकामाचे नाही. एखाद्या सरकारी कागदावर 'पाठिंबा' हा शब्द उतरण्यापूर्वी, त्याच्या आत कोण कोण काय काय म्हणत होते हे ऐकून लिहून ठेवणारे कोणीतरी तेथे बसले पाहिजे.