राणीबाग कोणाच्या पैशावर चालते?

"वस्तीतल्या संडासाला दार नाही आणि तू राणीबागेच्या तिकिटावर काय लिहितोस?" असा प्रश्न चळवळीतल्या एका मित्राने मला विचारला. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

माझ्या लहानपणी ६ डिसेंबरला मराठवाड्यातून आमचे नातेवाईक यायचे. चैत्यभूमीवर अभिवादन झालं की दुसऱ्या दिवशी आई सगळ्यांना भायखळ्याला राणीबागेत न्यायची. मुंबईत पोराबाळांना घेऊन पोटभर हिंडता येईल आणि खिशाला परवडेल, अशी ती एकच जागा तिला ठाऊक होती. मोठ्यांना ५ रुपये, लहानांना २ रुपये. आई-बाबा, आत्या आणि आम्ही तीन भावंडं मिळून २१ रुपयांत आत.

२०१७ साली पालिकेने हे दर ५० आणि २५ केले. आई-वडील आणि दोन मुलं असतील तर १०० रुपये. तिसरं मूल आणि आत्या सोबत असतील तर वर आणखी ७५. म्हणजे तेच कुटुंब आता १७५ रुपये मोजतं. कुटुंब म्हणजे चौघं, हा हिशोब कोणाच्या घराकडे बघून केला?

पालिका म्हणते, पेंग्विन आल्यावर गर्दी वाढली, उत्पन्नही वाढलं. २०१६ मध्ये आठ हम्बोल्ट पेंग्विन दक्षिण कोरियातून आणले, त्यातला एक काही महिन्यांतच मेला. २०२१ मध्ये त्यांच्या देखभालीच्या तीन वर्षांच्या सुमारे १५ कोटींच्या निविदेवरून वाद पेटला. महिन्याला सुमारे ४२ लाख! माझा राग पेंग्विनवर नाही. त्या मुक्या जिवाने मुंबईत यायचा अर्ज केला नव्हता. प्रश्न हा की खर्च कोण ठरवतं आणि जाब कोण विचारतं?

१९९२ पासून केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण आहे. त्याच्या मान्यतेशिवाय प्राणीसंग्रहालय चालवता येत नाही. पिंजरे कसे आहेत, पशुवैद्यक आहे का, हे ते पाहतं. पण गरिबाला तिकीट परवडतं का, हे पाहणं त्याचं काम नाही. ते काम लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचं. आणि मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हा प्रशासक बसला तो तीन वर्षांहून जास्त काळ. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं संविधानाचं कलम २४३-यू सांगतं. एवढा काळ स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हातात होते. पैसा आपला, सही त्याची!

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. १९२३ चा बोले ठराव आठवा. सार्वजनिक निधीतून बांधलेली आणि सांभाळलेली पाणवठे, धर्मशाळा अशी ठिकाणं अस्पृश्यांना खुली करा, हा त्याचा गाभा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तसा ठरावही केला, पण तो कागदावरच राहिला. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावं लागलं. पुढे तेच तत्त्व संविधानाच्या कलम १५(२) मध्ये आलं. सरकारी निधीतून चालणाऱ्या सार्वजनिक जागेच्या वापरासाठी जात, धर्म, लिंग आड येणार नाही. तिकीट जात विचारत नाही, हे खरं. पण ज्यांच्या खिशात पैसा नाही त्यांत आपली माणसं किती, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

संडास आणि राणीबाग ही दोन भांडणं नाहीत. दोन्ही ठिकाणी पालिकेचं एकच अंदाजपत्रक आहे. जो राणीबागेचा हिशोब मागायला शिकला, तो संडासाच्या दाराचाही मागेल.

म्हणून तरुणांनो, २००५ च्या माहिती अधिकाराचा एक अर्ज करा. तिकिटातून किती आले, पेंग्विनवर किती गेले, पिंजरे साफ करणारे कायम किती, कंत्राटी किती, त्यांना किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो का, एवढंच विचारा. मोर्चाला हजार माणसं लागतात, या अर्जाला एकच पुरेसं आहे.

जय भीम!