आवाज कुठून येतो?

आमच्या घरात गाडी आली ती तीन वर्षांपूर्वी. २०११ सालची अल्टो, तिसऱ्या हातातून घेतलेली. कारकुनाच्या पगारात नवी गाडी बसत नाही आणि समाजकार्याच्या धावपळीला मोटारसायकल पुरत नाही. कुणाच्या मुलीला जालन्याला वसतिगृहात सोडायचे असते, कुणाच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचे असते. म्हणून पतसंस्थेचे कर्ज काढले आणि गाडी दारात उभी केली. मुलांना आनंद झाला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "चालंल."

गाडी चालली, पण वाजतही राहिली. आमच्या भोकरदन भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ताही जागोजागी उंचसखल होतो. अशा रस्त्यावर वर्षानुवर्षे हादरे बसले की स्क्रू ढिले होतात. उन्हात उभ्या गाडीचे प्लास्टिक तापून वाकते, त्याच्या क्लिपा ठिसूळ होतात, रबर वाळते. राजूरच्या रस्त्याला लागलो की डावीकडून खडखड सुरू होई. मी रेडिओ मोठा करी. आपण पुष्कळ गोष्टींवर हाच उपाय करतो.

यंदा एप्रिलमध्ये आबांना घेऊन पेन्शनच्या कामासाठी जालन्याला निघालो. वाटेत विचारले, "आबा, पासबुक घेतलं का?" ते म्हणाले, "नाही, भूक नाही लागली." मागे बसलेली माझी मुलगी खुदकन हसली. मीही हसलो आणि विसरलो. बँकेत पोहोचल्यावर कळले की पासबुक घरीच राहिले आहे. माझी एक रजा वाया गेली होती. मी तिथेच, चारचौघांत, त्यांच्यावर ओरडलो, "एक गोष्ट नीट ऐकत नाही तुम्ही!" ते काही बोलले नाहीत. येताना साठ किलोमीटर फक्त गाडी वाजत होती.

त्यानंतर घरात आबांचे बोलणे जवळजवळ बंद झाले. संध्याकाळी चौकात बसायला जाणे तर त्यांनी वर्षभरापासूनच सोडले होते. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असे मी पत्नीला सांगितले आणि विषय मिटवला.

पुढच्या रविवारी सकाळी मी ठरवले की आज ही खडखड शोधायचीच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तेरीज पत्रक जुळले नाही, तर फरक कुठे आहे हे अंदाजाने शोधत नाहीत. एकेक खाते तपासायचे, बरोबर असेल तर बाजूला ठेवायचे. गाडीलाही तोच न्याय लावला. आधी सगळी गाडी रिकामी केली. डॅशबोर्डच्या खणातून चष्म्याचे घर, तीन किल्ल्या, सभेची जुनी पत्रके आणि सुटे पैसे निघाले. जॅक आणि पाना गोणपाटात गुंडाळले. स्टेपनीचा बोल्ट आवळला. मोकळे पट्टे अडकवले, कारण सीटबेल्टची लोखंडी जीभ खांबाच्या प्लास्टिकवर आपटून टकटक करते आणि आपण मेकॅनिककडे धावतो. निम्मे आवाज एवढ्यातच गेले.

वाचकहो, उरलेल्या आवाजाला नाव द्यावे. आपल्या मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. खुळखुळ म्हणजे पोकळ जागेत काहीतरी सुटे पडले आहे. टकटक म्हणजे दोन कडक वस्तूंमध्ये फट आहे. कुरकुर म्हणजे प्लास्टिकवर प्लास्टिक किंवा काचेवर रबर अडकत, सुटत घासते आहे. झणझण ठरावीक वेगालाच येत असेल, तर एखादा पातळ पत्रा इंजिनाच्या कंपनाशी सूर धरतो आहे. गाडी उभी ठेवून रेस हळूहळू वाढवावी. आवाज आला तर तो इंजिन, सायलेन्सर यांच्या बाजूचा. नाही आला तर रस्त्याच्या हादऱ्याचा. आणि चाकाकडून धडधड येत असेल, ब्रेक दाबताना किंवा स्टेअरिंग वळवताना आवाज बदलत असेल, तर घरी प्रयोग करत बसू नये. त्याच दिवशी मेकॅनिककडे जावे. ती खडखड नसते, तो इशारा असतो.

माझा आवाज टकटक जातीचा, रस्त्याचा आणि ऐकायला तरी डॅशबोर्डमधला होता. डॅशबोर्ड उकलायच्या तयारीने मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. ओट्यावर बसलेले आबा उठून आले आणि म्हणाले, "थांब. आधी चालव. चालवणाऱ्यानं चालवावं, शोधणाऱ्यानं शोधावं." नियम अगदी बरोबर आहे. चालवता चालवता हाताने चाचपडणे म्हणजे अपघाताला बोलावणे.

आबा तरुणपणापासून जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटरचे मदतनीस होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक यंत्रावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि कुठले बेअरिंग गेले ते सांगायचे, ही त्यांची ख्याती होती. ते माझ्या डावीकडे बसले. रस्ता तोच, वेग तोच, तिशीचा. टकटक सुरू झाली. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर डॅशबोर्डला टेकवून मूठ कानाशी धरली.

"काही नाही," ते म्हणाले.

"अहो आबा, केवढा आवाज येतोय!"

"कुठं? गाडी तर गप हाय."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते हट्टाने बोलत नव्हते. ते खरोखर वाट पाहत होते, आवाज कधी येतो याची. मी गाडी बाजूला घेतली. ती खडखड मी तीन वर्षे सोसत होतो आणि तिच्या शेजारी बसून त्यांना ती कधी ऐकूच आली नव्हती. मग मी पासबुक म्हणालो तेव्हा त्यांना काय ऐकू आले असेल? पुढचे अक्षर गळून नुसती भूक.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "चल, हातानं बघू." आम्ही परत निघालो. त्यांनी तळवा आधी डॅशबोर्डवर दाबला, मग खणाच्या झाकणावर, मग काचेच्या खांबावर. आवाज चालूच होता. शेवटी त्यांनी आपल्याच बाजूच्या दारावर, हँडलच्या खाली, तळवा टेकवला आणि दाबला. टकटक थांबली. हात काढला, सुरू झाली. "इथं हाय बघ. हाताला मुंग्या येतात." आवाज पत्र्यापत्र्यातून प्रवास करतो आणि निघतो भलत्याच ठिकाणाहून. कान फसतो, तळवा फसत नाही.

घरी येऊन दार उघडले. काच खालीवर करायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी तारेची बारीक क्लिप असते. हँडल आणि दाराचे पॅड यांच्या फटीत जुन्या सुती कापडाची पट्टी घालायची, दोन्ही टोके धरून आलटून पालटून ओढायची, की क्लिप उसळून बाहेर येते. ही युक्ती मला बसस्टँडजवळच्या गॅरेजवरच्या पोराने शिकवली. पॅड काढले, मागचा पॉलिथिनचा कागद न फाडता सोडवला. आत कुलपाची लोखंडी कांब तिच्या प्लास्टिकच्या क्लिपेतून निसटली होती आणि प्रत्येक हादऱ्याला पत्र्यावर आपटत होती. नवी क्लिप बसवली, कांबेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. काचेच्या वाळलेल्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारला. तिथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये, रबर फुगून खराब होते. पॉलिथिनचा कागद पुन्हा नीट चिकटवावा, नाहीतर पावसाचे पाणी आत येते. दाराच्या तळाची पाणी जायची भोके बुजवू नयेत. आणि ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहेत त्यांनी स्टेअरिंग व डॅशबोर्ड घरी उकलू नये.

संध्याकाळी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याविषयी विचारले. या वेळी समोर बसून, सावकाश. ते म्हणाले, "कळत होतं मला. पण सांगून काय? म्हातारं झालं की होतंच." मग थांबून म्हणाले, "चौकात लोक हसतात, मला कळत नाही कशाला हसले. म्हणून जात नाही."

डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर ठेवला. खालच्या सुरांना रेघ बरी होती. ४००० हर्ट्झच्या आसपास ती खोल घसरली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नोकरीचा. आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या नाजूक पेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच सूर जातात, म्हणजे स, श, प, ट, च यांसारखी व्यंजने. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाही. म्हणून अशा माणसावर ओरडून उपयोग नसतो. वाढतो फक्त आवाज, अर्थ नाही.

आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा, ही कारखान्यांसाठीची मर्यादा होती. गोंगाटाने येणारे बहिरेपण हा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. आबांना यातले कुणी काही सांगितले नाही. ते कानात कापूस घालत. तो कापूस मला लहानपणी दिसे आणि मला वाटे, यांना सर्दी झाली आहे. पुढे कामगारांचे अर्ज लिहिण्यात माझी कित्येक वर्षे गेली. घरातल्या कामगाराच्या कानाकडे लक्ष गेले ते गाडीच्या दारामुळे.

यंत्र बसवून एक महिना झाला. सवय व्हायला वेळ लागतो. पहिले आठ दिवस भांड्यांच्या आवाजाने ते वैतागत. आता मुलगी त्यांच्या समोर येऊन बोलते. परवा जालन्याहून येताना राजूर मागे टाकले आणि ते म्हणाले, "मागं काहीतरी वाजतंय रं."

खरोखर वाजत होते. डिकीच्या दाराला टेकणारी रबरी गोटी झिजली होती. रविवारी आम्ही दोघांनी बदलली.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी गिरणीत, मिलमध्ये, क्रशरवर किंवा ट्रॅक्टरवर आयुष्य काढलेले आहे. ते "ऐकत नाहीत" असे म्हणण्याआधी त्यांचे कान एकदा तपासून घ्या. दारिद्र्यरेषेखालील ६० वर्षांवरील ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारखी साधने देण्यासाठी केंद्र शासनाने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. राज्यानेही २०२४ साली ६५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. अर्ज भरायला अडचण आली तर आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना हाक मारावी. आणि नोकरीवर असलेल्या तरुणांनी कानात कापूस नव्हे, कानाचे प्लग मागून घ्यावेत, आजच.