कागदाला कॉपी चालत नाही

मी कॉन्व्हेंटवाली, मराठी कच्चंच, सांभाळून घ्या! होकुसाईची १८३१ च्या सुमाराची ‘लाट’ पाहिली आणि जपानी पद्धतीने लाकडी ठशावर छपाई करायचं खूळ डोक्यात शिरलं. पहिल्याच छापात निळ्यात पांढरे ठिपके! रंग, पाणी, दाब सगळंच वाढवलं, तर रंग रेषेबाहेर फुटला. कशाने काय बिघडलं, काही कळेना.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलली. कागद रात्रभर ओल्या कागदांत दाबून सारखा ओलसर केला. ठिपके कमी झाले. रंगात थोडी तांदळाची खळ घातली, ठिपके गेले. फुटणं मात्र कागदाचंच. सरस-तुरटीचा हात दिलेला कागद घेतला, रेषा टिकली.

प्रॅक्टिकलला मी उत्तरावरून रीडिंग्ज जुळवते. इथे जुळवायला कुणाचं जर्नलच नव्हतं! या सेमला आकडे माझेच असतील, चुकले तरी.