मढीच्या यात्रेस प्रथमच जाणाऱ्यांस

फाल्गुन वद्य पंचमीस, म्हणजे रंगपंचमीस, अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यांत मढी येथें कानिफनाथांच्या समाधीची यात्रा भरते. प्रथमच जाणाऱ्या कुटुंबांस आम्ही दोन गोष्टी सुचवितों. पहिली सोयीची. गड उन्हाच्या आधीं चढावा. पाणी जवळ असावें. मुलांच्या खिशांत नांव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी. आणि चुकामूक झाल्यास कोठें भेटावयाचें, तें चढण्यापूर्वींच ठरवावें.

दुसरी अधिक महत्त्वाची. दर्शन घेऊन, रेवड्यांचा प्रसाद बांधून लगेच परतूं नये. येथील गाढवांचा बाजार मुलांस अवश्य दाखवावा. आपल्या घरांतून व शाळांतून 'गाढव' ही शिवीच. येथें मात्र घेणारा दांत पाहून वय ओळखतो, पाय तपासतो, आणि मगच भाव ठरवितो. कारण माती, वाळू, विटा वाहणाऱ्या त्या जनावराच्या जिवावर त्याची चूल पेटते. मढीस भटक्यांची पंढरी म्हणतात, तें उगीच नव्हे. वर्षभर रानोमाळ विखुरलेले आप्त येथें एकमेकांस भेटतात. त्यांच्याकडे तमाशा पाहिल्यासारखें पाहूं नये. येथें यजमान ते आहेत व आपण पाहुणे, एवढें मुलांस निघण्यापूर्वीं सांगून ठेवावें.