तंबूतले दगड

तो चित्रपट मी पाहिला, तेव्हा मी सहावीत होतो. शाळेतील मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. ‘स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक’ हे त्याचे नाव. १९४८ साली इंग्लंडात तो तयार झाला. इंग्रजी मला फारसे कळत नव्हते. पण भुकेली माणसे आणि गोठलेले पाय समजावयास भाषा कशाला हवी?

शेवटी मदत येणार, अशी माझी खात्री होती. पण वादळ थांबेना. कप्तान स्कॉट तंबूत पडल्या पडल्या लिहीत राहिला. मग दिसला नुसता एक क्रूस, आणि चित्रपट संपला! मी रागारागाने घरी आलो.

घरी मामा आले होते. चंद्रपूरकडील कोळशाच्या खाणीत ते नोकरीस होते. माझी तक्रार ऐकून त्यांनी सारी हकीकत सांगितली. १७ जानेवारी १९१२ रोजी ते पाच जण दक्षिण ध्रुवावर पोहोचले. पण नॉर्वेचा आमुन्डसेन महिनाभर आधीच तेथे येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर इव्हान्स गेला. ओट्सचे पाय निकामी झाले होते. आपल्यामुळे सोबत्यांना उशीर नको, म्हणून तो वादळात निघून गेला. उरलेले तिघे अन्नाच्या साठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर अडकले. १२ नोव्हेंबरला शोधपथकास त्यांचा तंबू सापडला.

“आणि त्यांच्या सामानात काय होते, ठाऊक आहे? सुमारे १६ किलो दगड!”

“दगड?” मी ओरडलोच. “मामा, ते फेकून दिले असते, तर वाचले नसते का ते?”

“कोण जाणे! थंडी, भूक, आजार, सारीच त्यांच्या पाठीस लागली होती.”

माझे समाधान झाले नाही. दिवाळीत मामा पुन्हा आले, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक चपटा दगड काढून माझ्या हातावर ठेवला. त्यावर जिभेच्या आकाराचे एक पान उमटले होते. मधली शीर, बाजूच्या शिरांची बारीक जाळी, सारे स्पष्ट दिसत होते.

“हे ग्लॉसोप्टेरिस. ही झाडे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच नाहीशी झाली. हा दगड आमच्या खाणीतला. पण स्कॉटच्या दगडांतही हीच पाने निघाली. आपली भूमी आणि ते बर्फाचे खंड एके काळी जोडलेले होते, त्याचा हा एक पुरावा. त्या जुन्या भूखंडाला शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात, आपल्या गोंडांच्या मुलखावरून!”

मी कितीतरी वेळ त्या पानावरून बोट फिरवीत राहिलो. तरीही मला वाटे, आणि आजही वाटते, की त्यांनी ते ओझे टाकले असते, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

दुसऱ्या दिवशी मी एका पोत्यात दगड भरले, वाण्याच्या काट्यावर बरोबर १६ किलो करून घेतले आणि दोरी बांधून पोते परसात ओढू लागलो. विहिरीपर्यंत जातो न जातो, तोच मला धाप लागली. दोन दगड काढून टाकावे, असे मनात आले. कोणते टाकावे, ते मात्र ठरेना.